क्रिएटरचं काम बघायला माणूस ठेवताय? मग त्याचे फॉलोअर नंतर बघा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. लातूरला तुमचा येसर, काळं तिखट आणि तूरडाळीचा घरचा ब्रँड आहे, आत्तापर्यंत तुमचे दीरच इन्स्टावर मेसेज टाकून क्रिएटर (इन्स्टा-यूट्यूबवर व्हिडिओ करणारे) गाठायचे, आता महिन्याला दहा-बारा जणांचे व्हिडिओ चाललेत आणि कुणाचा व्हिडिओ आला, कुणाचं पार्सल पोचलं, कुणाचे पैसे राहिले कशाचाच मेळ लागेना, म्हणून पूर्णवेळ माणूस ठेवायचाय. दोघं जण समोर आहेत, एक पुण्याच्या एजन्सीत काम केलेली मुलगी आणि दुसरा लातूरचाच पोरगा ज्याचे स्वतःचे ऐंशी हजार फॉलोअर आहेत. कुणाला घ्यावं?

मी जालना-संभाजीनगर भागातल्या बियाणं, मसाले, पैठणी असल्या ब्रँडसाठी हेच काम करत आलोय आणि या कामाला माणसंही घेतलीत, त्यामुळं थोडं लांबलचक लिहितो. आधी उत्तर देतो, दोघांपैकी कुणालाही नुसत्या बायोडेटावर घेऊ नका, दोघांना एकच काम द्या (पुढं सांगतो कोणतं) आणि जो माणूस पैशाबद्दल स्पष्ट बोलतो, बोललेलं लिहून ठेवतो आणि तुमच्या तोंडावर "हे नाही जमणार" म्हणू शकतो त्याला घ्या. फॉलोअर, इंग्रजी, एजन्सीचं नाव हे सगळं त्याच्या नंतर.

कारण हे काम दिवसभर रील बघायचं आहे असं बाहेरून वाटतं पण निम्म्याहून जास्त वेळ फोन, पाठपुरावा, कुरियर, स्क्रिप्ट वाचणं आणि बिलं यातच जातो. हा माणूस मोंढ्यातल्या चांगल्या आडत्यासारखा पाहिजे, माल आणणाऱ्याचाही त्याच्या काट्यावर भरोसा आणि घेणाऱ्याचाही. क्रिएटर तुमचा नोकर नाही, त्याला तुम्ही हुकूम देऊ शकत नाही, आणि तरी तुमचा व्हिडिओ ठरलेल्या तारखेला ठरलेल्या गोष्टींसकट यायला पाहिजे. ज्याला हुकूम न देता काम करून घेता येतं तोच इथं टिकतो.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, तुमच्याकडं किती मोठी आहे हे मी काय सांगावं, सगळं लातूर-धाराशिव शेतात असतं, भज्जी, आंबील, सगळा थाट. तुमचा डाळीचा आणि तिखटाचा व्हिडिओ त्याच्या आठवडाभर आधी आला तर बायका सामान भरताना तुमचं नाव डोक्यात ठेवतील, अमावस्या झाल्यावर दोन दिवसांनी आला तर त्या व्हिडिओचा काही उपयोग नाही, कितीही सुंदर असू द्या. आता क्रिएटरच्या घरी आजारपण निघालं आणि व्हिडिओ लटकला तर तुमचा माणूस काय करतो? भांडतो, की गप्प बसतो, की आधीच दोन जण जास्तीचे धरून ठेवलेले असतात आणि आजारी माणसाला म्हणतो तुम्ही बरे व्हा, आपण तुमचा व्हिडिओ संक्रांतीला घेऊ? मुलाखतीत मी हाच प्रश्न विचारतो, आणि उत्तरापेक्षा तो माणूस आधी काय विचारतो त्याकडं लक्ष देतो. "आगाऊ रक्कम दिली होती का, लिहून काय ठरलं होतं" असं ज्याच्या तोंडातून पहिल्यांदा येतं त्यानं हे काम खरंच केलेलं असतं.

आता पुण्याची मुलगी. एजन्सीत काम केलंय म्हणजे सगळं येतं असं धरू नका. मोठ्या एजन्सीत कामाचे तुकडे असतात, एक जण नुसती यादी काढतो, दुसरा भाव ठरवतो, तिसरा रिपोर्ट बनवतो, आणि बायोडेटावर तिघंही "कॅम्पेन हाताळलं" असंच लिहितात. तिला शांतपणे विचारा की शेवटच्या कामात भाव कोणी ठरवला, क्रिएटर नाही म्हणाला तेव्हा फोन कोणी केला, पेमेंट अडकलं तेव्हा अकाउंटवाल्याच्या मागं कोण लागलं. तिनं यातलं अर्धं जरी स्वतः केलं असेल तरी ती चांगली उमेदवार आहे. आणि ती ज्यांच्याबरोबर काम केलं म्हणते त्यातल्या दोन क्रिएटरला तिच्या परवानगीनं फोन लावा, जुन्या साहेबाला लावायची एवढी गरज नाही. क्रिएटरला दोनच गोष्टी विचारा, पैसे ठरल्या वेळेला मिळाले का आणि व्हिडिओ झाल्यावर किती वेळा बदल करायला लावले. या दोन उत्तरात माणूस कळतो.

लातूरचा पोरगा. त्याचे ऐंशी हजार फॉलोअर त्याच्या कष्टाचे आहेत, त्याला कॅमेरा कळतो, क्रिएटरच्या अडचणी कळतात, हे चांगलंच. पण तो स्वतः त्या बाजारात आहे. उद्या त्यानं आपल्या मित्रांनाच कामं दिली तर? दुसऱ्या मसाल्याची जाहिरात स्वतःच्या पेजवर केली तर? त्याला घ्यायचं असेल तर हे पहिल्याच दिवशी बोलून कागदावर घ्या, तो स्वतः कोणत्या प्रकारच्या मालाची जाहिरात करू शकतो, कोणत्या नाही, ओळखीच्या माणसाला काम द्यायचं असेल तर आधी तुम्हाला सांगायचं. चांगला पोरगा याचा राग धरत नाही. आणि एक बघा, काही क्रिएटरना दुसऱ्याचा व्हिडिओ पुढं गेलेला सहन होत नाही, त्यांना दुसऱ्याच्या व्हिडिओत सारखं काहीतरी दुरुस्त करावंसं वाटतं. तसं असेल तर नको.

भाषेबद्दल मला कळकळीनं सांगायचंय कारण आपल्या भागातल्या ब्रँडचं सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. स्क्रिप्ट येते प्रमाण मराठीत, "नमस्कार मित्रांनो, आज मी आपल्यासाठी घेऊन आले आहे", आणि ती बोलणारी बाई औसा नाहीतर निलंग्याकडची असते, जी घरात "काय करायलाव, जेवलाव का" असं बोलती. बघणाऱ्याला दोन सेकंदात कळतं की हे वाचून दाखवायलेत. नांदेडकडच्या बोलण्यात तेलुगूचा वारा आहे, संभाजीनगरात दखनी उर्दू मिसळलेली आहे, उदगीर-देगलूरकडं कन्नडही कानावर पडतं. हे ज्याच्या कानाला कळत नाही तो माणूस इथल्या क्रिएटरचं बोलणं "सुधारायला" जातो आणि व्हिडिओ मारून टाकतो. म्हणून परीक्षेत एक स्क्रिप्ट द्या आणि म्हणा हिच्यातलं काय कापाल. जास्त कापणारा आणि कमी लिहिणारा माणूस घ्या. पुण्याच्या मुलीला हे जमेलही बरं का, तिचं आजोळ परळीचं असेल तर तुम्हाला काय माहीत, विचारून बघा.

आता ते काम, जे दोघांना द्यायचं. तीन क्रिएटरच्या इनसाइट्सचे, म्हणजे त्यांचे व्हिडिओ कोण आणि कुठून बघतं त्या आकड्यांचे, स्क्रीनशॉट द्या (तुमच्या दिरांकडं जुने असतील, नावं झाकून द्या). एक दोन लाख फॉलोअरवाला, पण बघणारे बहुतेक अठरा ते चोवीसची पोरं आणि शहरं परराज्यातली. एक अठरा-वीस हजारवाली ताई, बघणाऱ्या बायका, शहरं लातूर, नांदेड, सोलापूर, पुणे, आणि कमेंटमधे "येसर किती दिवस टिकतो ताई" असले प्रश्न. तिसरा मधला कुणीतरी. विचारा की तीस हजार रुपये आहेत, कुठं लावाल. मग त्यातल्या एकासाठी अर्ध्या पानाचा ब्रीफ (व्हिडिओत काय दाखवायचं, काय बोलायचं याची सूचना) मराठीत लिहायला सांगा आणि एक छोटा मेसेज लिहायला सांगा, क्रिएटरनं पंधरा हजार मागितलेत, आपल्याकडं दहा आहेत, काय लिहाल. या कामाचे पैसे द्या, फुकट करून घेऊ नका. जो माणूस पुढं दुसऱ्यांना पैसे द्यायचं काम करणार आहे त्याला पहिल्याच दिवशी फुकट राबवलं तर तो तुमच्याकडून तेच शिकेल.

ब्रीफमधे काय बघायचं तर काय बोलायचं नाही हे लिहिलंय का ते. मसाल्यात हा मोठा धोका आहे. क्रिएटर उत्साहात म्हणून जातो "यानं शुगर कंट्रोलमधे राहते", "वजन उतरतं". मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात 1954 च्या औषधे आणि जादूटोणा उपचार कायद्यानं चालत नाही, खाद्यपदार्थाच्या दाव्यांना एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचे 2018 चे नियम आहेत, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा तशी जाहिरात केली तर 50 लाखांपर्यंत, आणि हा दंड माल बनवणाऱ्यालाही लागू शकतो आणि जाहिरात करणाऱ्यालाही, वर त्या क्रिएटरला वर्षभर जाहिरात करायची बंदी येऊ शकते. तुमची डाळ बोरसुरीची नसेल तर "बोरसुरीची डाळ" म्हणायचं नाही, तिला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. तुमच्या माणसाला हे सगळं पाठ नसलं तरी चालेल, पण असा शब्द आला की हात थांबला पाहिजे आणि त्यानं विचारलं पाहिजे.

बियाणं-औषधाच्या ब्रँडमधे तर हे अजून कडक. जालन्याकडचं सांगतो, शेतीच्या चॅनलवर कुणी फवारणीचं प्रमाण आपल्या मनानं सांगितलं, लेबल क्लेममधे (औषधाच्या लेबलवरच्या मंजूर पिकांत) नसलेल्या पिकावर मारा म्हणलं, तर एखाद्या शेतकऱ्याचं उभं पीक जाऊ शकतं. म्हणून तिथं मी मार्केटिंग शिकलेल्यापेक्षा कृषी पदवीधर घेतो, परभणीच्या विद्यापीठाच्या कॉलेजातनं निघालेला, त्याला रील बनवायला येत नसलं तरी चालतं. त्याला माहीत असतं की खरिपाचा व्हिडिओ मे महिन्यात लागतो, पेरणी झाल्यावर नाही, आणि उगवण कमी झाली की शेतकरी कंपनीच्या पेजवर येत नाही, त्या क्रिएटरच्या कमेंटमधे येतो. तिथं दोन दिवस कुणी उत्तर दिलं नाही तर क्रिएटरची अब्रू जाते आणि तो परत तुमचं काम घेत नाही. कमेंट वाचणं हा या नोकरीचाच भाग आहे, हे जाहिरातीत लिहा.

जाहिरात आहे हे सांगायचंच, यात तुमच्या माणसानं मागंपुढं बघायला नको. जाहिरातींचं स्वयंनियमन करणाऱ्या एएससीआय या संस्थेचे क्रिएटरसाठीचे नियम जून 2021 पासून लागू आहेत, जानेवारी 2023 मधे सरकारच्या ग्राहक खात्यानंही मार्गदर्शन काढलं. फुकट दिलेला डबा असला तरी सांगायचं. 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ते लेबल किमान 3 सेकंद दिसलं पाहिजे, त्याहून मोठा पण 2 मिनिटांच्या आतला असेल तर व्हिडिओच्या एक तृतीयांश वेळ. मराठी व्हिडिओ असेल तर सरळ "जाहिरात" लिहा, इन्स्टाग्रामचं पेड पार्टनरशिपचं बटण आणि यूट्यूबची पेड प्रमोशनची टिक करायची चौकट तर आहेच. बरेच ब्रँडवाले म्हणतात लेबल लावलं की लोक बघत नाहीत. माझा अनुभव तसा नाही, माल चांगला आणि माणूस खरा असेल तर लोक बघतात, घेतातही.

आता पैसा. इथं माणूस चुकीचा निघाला तर लई महागात पडतं. या धंद्यात मधला कट खाणं आहे, म्हणजे क्रिएटरला वीस हजार ठरवायचे आणि त्यातले चार "मला परत पाठव" म्हणायचं. खेड्यातल्या नवीन क्रिएटरला वाटतं असंच असतं, तो देतोही. याला माणूस प्रामाणिक शोधणं हा अर्धा उपाय, उरलेला अर्धा तुमच्या हातात. भाव क्रिएटरच्या स्वतःच्या मेलवरून किंवा कंपनीच्या व्हॉट्सअप बिझनेस नंबरवर लेखी यायला पाहिजे, पैसे कंपनीच्या खात्यातून सरळ क्रिएटरच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात जायला पाहिजेत, मधे कुणाचं यूपीआय नको, आणि महिन्यातनं दोन-तीन क्रिएटरशी तुम्ही स्वतः बोला, ताई, नुसती विचारपूस. आणि माणसाला प्रत्येक डीलवर कमिशन देऊ नका, मग तो महागडेच क्रिएटर आणतो. पगार नीट द्या, आणि बोनस द्यायचाच असेल तर कामं वेळेवर निघाली का आणि जुने क्रिएटर परत काम करायला तयार झाले का यावर द्या.

मुलाखतीत हिशोबाचाही एक प्रश्न असू द्या. क्रिएटरची फी 15,000, तो जीएसटीत नोंदलेला आहे, 18 टक्के धरून बिल किती? 17,700. सोपं आहे, पण चार जणांतला एखादा तरी "जीएसटी आपण कशाला द्यायचा" असं विचारतो, त्याला शिकवावं लागेल. दुसरं, वस्तू दिली तर. तुमचा मसाल्याचा डबा तीन-चारशेचा, तिथं प्रश्न नाही. पण पैठणीवाले पंचवीस हजारांची साडी देतात आणि ती क्रिएटरकडंच राहते, तिथं 1 जुलै 2022 पासून तेव्हाच्या इन्कम टॅक्स कायद्यातल्या 194आर कलमाचा नियम लागला, वर्षात 20,000 च्या वर वस्तू किंवा फायदा दिला की 10 टक्के टीडीएस, म्हणजे त्या साडीवर अडीच हजार. शूट करून साडी परत घेतली तर लागत नाही. घरगुती मालकीचा धंदा असेल आणि आदल्या वर्षीची उलाढाल 1 कोटीच्या आत असेल तर हा टीडीएस कापायची जबाबदारी येत नाही, तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या. उद्यम नोंदणी (सरकारची छोट्या उद्योगांची नोंदणी) असलेल्या क्रिएटरचे पैसे लेखी ठरलं असेल तरी 45 दिवसांच्या पुढं नेता येत नाहीत, लेखी काहीच नसेल तर 15 दिवस. मी तर म्हणतो अर्धे आधी, अर्धे व्हिडिओ लागल्यावर आठवड्यात. वेळेवर पैसे देणाऱ्या ब्रँडचं नाव क्रिएटरांच्या ग्रुपमधे आपोआप फिरतं, आणि बुडवणाऱ्याचंही.

बायकांबद्दल वेगळं लिहितो. तुमच्या मालाचे क्रिएटर बहुतेक घरातल्या बायका असणार, स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्या. फोन कधी सासूबाई उचलतात, कधी मालक. रात्री दहाला "मॅडम रील पाठवा" असा मेसेज गेला की त्या बाईचं कामच बंद होऊ शकतं, आणि यात तिची काहीही चूक नसते. म्हणून माणूस घेताना हे अगदी बारकाईनं बघा, तो किंवा ती बायकांशी कसं बोलते, वेळ विचारून फोन करते का, घरच्यांनी फोन घेतला तर कंपनीचं नाव सांगून आदरानं बोलते का. एकट्या बाईच्या घरी शूटला एकट्या पुरुषाला पाठवायचं नाही, वैयक्तिक नंबरवरून मेसेज नाहीत, हे नियम लिहून ठेवा. आणि यातल्या बऱ्याच जणींसाठी हा आयुष्यातला पहिला करार असतो. तिचा व्हिडिओ तुम्ही स्वतःच्या जाहिरातीत किती दिवस वापरणार, पाकिटावर फोटो छापणार का, दुसऱ्या मसाल्याचं काम तिनं किती दिवस घ्यायचं नाही, हे तिला मराठीत समजावून सांगणं तुमच्या माणसाचं काम आहे. समजत नाही म्हणून सगळे हक्क फुकटात लिहून घेणारा हुशार माणूस मी तरी कधी ठेवणार नाही.

माणूस शोधायचा कुठं, तर या दोघांवरच थांबू नका. स्थानिक पेपरच्या जाहिरात विभागात काम केलेले, केबल चॅनलवाले, एफएमसीजी (साबण-बिस्किटासारखा रोजचा माल) डिस्ट्रिब्युटरकडं लाइन फिरलेला सेल्समन, लग्नाच्या शूटिंगचं बुकिंग सांभाळणारे, यांना तारखा, उधारी आणि माणसं तिन्ही सांभाळायची सवय असते. नवीनच पाहिजे असेल तर संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पत्रकारिता विभाग आहे, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात मीडिया स्टडीज आहे, तिथली पोरं-पोरी पुण्याला जायच्या आधी गाठा. बऱ्याच जणांना घराजवळ काम पाहिजे असतं, फक्त इथं असलं काम मिळतं हे त्यांना माहीत नसतं.

घेतल्यावर पहिल्या तीन महिन्यांत विक्री किती वाढली म्हणून मानगुटीवर बसू नका. व्हिडिओ वेळेवर आले का, कुणाचा व्हिडिओ, पार्सल, पैसे कुठं आहेत याचा तक्ता भरलेला आहे का, पेमेंट निघालं का हे बघा. नंतर विक्री बघाल तेव्हा कूपन कोडवर किती ऑर्डर आल्या एवढ्यावर जाऊ नका, कोड कूपनच्या साइटवर फुटतात, आणि आपल्याकडं कॅश ऑन डिलिव्हरीच्या कितीतरी ऑर्डरी दारातनं परत येतात, म्हणून घरात पोचलेल्या आणि पैसे आलेल्या ऑर्डरी मोजायच्या. तुमच्या माणसाला हा फरक आधीच माहीत असेल तर त्याला सोडू नका.

आणि दीर. त्यांना बाजूला काढू नका, आत्तापर्यंतच्या ओळखी त्यांच्या आहेत. एक महिना दोघांनी मिळून प्रत्येक क्रिएटरला फोन करावा, दिरांनी ओळख करून द्यावी, नंबर, भाव, राहिलेले पैसे, काय बोलणं झालं होतं ते सगळं एका शीटमधे उतरवावं. ती शीट, पेजचा पासवर्ड आणि व्हॉट्सअपचं सिम कंपनीच्या नावावर राहू द्या, माणूस बदलला तरी क्रिएटरला परत पहिल्यापासून सगळं सांगायची वेळ येऊ नये. दोघांचं टेस्टचं काम आलं की मला पाठवा, नावं काढून, मी वाचून सांगतो.